संभ्रमाचा आनंद

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळील एखाद्या उपाहारगृहात दिवाळीच्या सुमारास सकाळी बसण्याचा योग आला, तर मेजावर पडलेली दोन वृत्तपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एक कन्नड, दुसरे मराठी. कन्नड पत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'संभ्रमद दीपावळी' असे काहीतरी छापलेले असते. मराठी पत्रात त्याच दिवशी, त्याच शहराविषयी, 'नव्या नियमामुळे नागरिकांत संभ्रम' असा मथळा असतो. शब्द एकच आहे, संस्कृतातून आलेला, एका अक्षराचाही फरक नसलेला. परंतु कन्नड वाचणारा मनुष्य त्या शब्दाने सुखावतो आणि मराठी वाचणारा कपाळाला आठी घालतो. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे मोठा आनंद, उत्सवाची धामधूम, घरात कार्य निघाल्यावर जी एक उत्फुल्ल लगबग सुरू होते ती. मराठीत संभ्रम म्हणजे गोंधळ, काय करावे ते न कळण्याची अवस्था.

गोमंतकातील आमच्या वाचकांना हा शब्द आणखी एका वाटेने परिचित असण्याचा संभव आहे. कारवारच्या पलीकडे, मंगळूरकडील कोंकणीतही संभ्रम म्हणजे उत्सवच. तिकडे सोयरीक असलेल्या घरांत हा शब्द वरचेवर कानांवर पडतो. तेलुगूत तो 'संबरं' असे रूप घेऊन बसला आहे आणि तेथेही त्याचा अर्थ आनंदसोहळा असाच आहे. म्हणजे या शेजारभाषांच्या मेळ्यात एकटी मराठीच या शब्दाकडे संशयाने पाहते. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकारांचा आहे. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शब्दांचे प्रश्न कोशात राहत नाहीत. ते दुकानाच्या पाटीवर येतात, शाळेच्या वर्गात येतात आणि प्रसंगी रस्त्यावरही येतात. म्हणून हा विषय आज घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाच्या मुळाकडे जाऊ. 'भ्रम्' हा धातू फिरणे, गरगरणे या अर्थाचा. भ्रमण त्यातूनच आले, फुलांभोवती फिरतो म्हणून भुंग्याला भ्रमर म्हटले ते त्यातूनच. डोके फिरले म्हणजे भ्रम झाला आणि ज्याचे फिरले तो भ्रांत. या धातूला 'सम्' हा उपसर्ग लागून संभ्रम शब्द सिद्ध होतो. तेव्हा त्याचा आद्य अर्थ चांगला नाही, वाईटही नाही. सर्व बाजूंनी एकदम उसळलेली हालचाल, एवढेच तो सांगतो. सावंतवाडी संस्थानातील आसोलोपाल येथे जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले वामन शिवराम आपटे यांनी १८९० साली जो संस्कृत कोश सिद्ध केला, त्यात या शब्दाचे अर्थ ओळीने मांडलेले आहेत : गरगर फिरणे, घाई, धांदल, भीती, चूक, उत्साह, आदर. भीती आणि आदर, चूक आणि उत्साह अशी परस्परांशी न पटणारी मंडळी एकाच घरात नांदताना पाहून प्रथम आश्चर्य वाटते. पण क्षणभर विचार केला की उलगडा होतो. घरी थोर पाहुणा अचानक आला असता यजमान ताडकन उठतो, उपरणे सावरतो, पाट कोठे आणि तांब्या कोठे याचे भान त्याला राहत नाही. या एका उठण्यात घाई आहे, आदर आहे, थोडी भीती आहे आणि आनंद तर आहेच. संस्कृत नाटकांत पात्र उठते त्या ठिकाणी कंसात 'ससंभ्रमम्' अशी सूचना वारंवार येते, ती याच उठण्याची.

अलंकारशास्त्रकारांनी या धातूचा आणखी एक नमुना जपून ठेवला आहे. नायिकेच्या स्वाभाविक विलासांत 'विभ्रम' नावाचा एक विलास सांगितला जातो. प्रियकर आल्याची वार्ता कळताच घाईघाईने नटणारी स्त्री कमरेचा दागिना गळ्यात आणि गळ्यातला कमरेला घालते, तो विभ्रम. हा गोंधळ नाही असे कोण म्हणेल? आणि हा आनंद नाही असे तरी कोण म्हणेल?

आमच्या मते सगळे रहस्य येथेच आहे. फार मोठा आनंद हा स्वस्थ बसू देत नाही. आनंदाचे बरेचसे जुने शब्द तपासून पाहिले तर त्यांच्या तळाशी कसली तरी खळबळ आढळते. 'उत्सव' हा शब्दच घ्या. 'सू' म्हणजे चालना देणे, आणि वर उसळवणारी चालना तो उत्सव. 'उल्लास' म्हणजे वर उसळून चमकणे. त्याचाच आम्ही मराठीत 'उल्हास' केला. 'हर्ष' शब्दाची कथा तर याहून विलक्षण आहे. 'हृष्' धातूचा मूळ अर्थ ताठ उभे राहणे, अंगावरील केस ताठ होणे. अंगावर काटा येण्यासाठी रोमहर्ष हा शब्द आपण वापरतो तो या मूळ अर्थाला धरून. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगावर रोमहर्ष उठतो तो आनंदाने नव्हे, स्वजन समोर उभे पाहून झालेल्या विषादाने. अठराव्या अध्यायात संजयालाही तोच शब्द आठवतो, आणि तेव्हा तो विस्मयाने भारलेला असतो. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की याच धातूचा दूरचा भाऊ लॅटिन भाषेत गेला आणि तेथे त्याने भीतीचा मार्ग धरला. इंग्रजीतील 'हॉरर' हा शब्द त्याचाच वंशज. एकाच शहाऱ्याचा आपल्याकडे हर्ष झाला आणि युरोपात भयाची थरकाप झाली. पूर्वजांच्या अंगावर काटा एकच आला होता, तो कशाने आला याविषयी वंशजांत मतभेद झाले, इतकेच. ज्ञानेश्वरीच्या काळी मराठीने हर्षाचा 'हरिख' केला आणि आजही एखादे पोर नवे कापड पाहून हरखून जाते, त्या हरखण्यात तो टिकून आहे.

तेव्हा कन्नडने संभ्रमाला आनंद मानले यात त्या भाषेने काही वावगे केले नाही. तिने शब्दातील लगबग उचलली आणि ती लग्नघरात नेऊन ठेवली. कन्नड लेखनात 'सडगर-संभ्रम' ही जोडी आपल्या 'थाटमाट'सारखी सहज येते. मराठीनेही आरंभी हाच मार्ग धरला होता. आपल्या जुन्या आख्यानकाव्यात 'संभ्रमें' हा शब्द येतो तो पुष्कळदा लगबगीने, आदराने, मोठ्या उत्साहाने या अर्थाने. देव भक्ताला भेटावयास संभ्रमाने धावला तर तो वाट चुकला असे तेथे समजावयाचे नसते. पुढे केव्हातरी मराठीचा कल पालटला. धावपळ पायांतून निघून डोक्यात शिरली. बोलत्या मराठीला त्या अर्थासाठी शब्दांची वाण होती असेही नाही. घोटाळा होता, बुचकळा होता, गोंधळ तर होताच. परंतु वृत्तपत्रांना आणि सरकारी पत्रकांना भारदस्त शब्द हवा असतो. त्यांनी संभ्रमाला जवळ केले आणि आमच्या व्यवसायबंधूंनी, यात आम्हीही आलो, तो इतक्या वेळा छापला की त्यातील सणासुदीचा सारा रंग उडून गेला.

मात्र मराठी मनुष्य आनंद आणि गोंधळ यांचे नाते अगदीच विसरला आहे, असे कोणी म्हणू नये. 'गोंधळ' हा शब्दच त्याला साक्षी आहे. घरात लग्न पार पडले की कुलदेवीचा गोंधळ घालावयाचा, हा पश्चिम महाराष्ट्रापासून बेळगाव-धारवाडपर्यंतच्या असंख्य घराण्यांचा कुळाचार. संबळ कडाडतो, तुणतुणे आणि झांज साथ देतात, दिवटी पेटते आणि गोंधळी गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन बोलावतो. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद आहेत. त्यांतील रेणुराई हे रेणुकेचे, आणि रेणुका म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीची यल्लम्माही होय. संशोधकांनी गोंधळाचे नाते 'गोंडली' या जुन्या नृत्यप्रकाराशी लावले आहे आणि त्या नृत्याच्या संबंधात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचे नाव येते. हा तिसरा सोमेश्वर कर्नाटकात राज्य करीत होता. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या नावावर सिद्ध झालेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कानडी राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठी ओवीची जुनी नोंद सापडावी आणि मराठी कुळाचाराचा धागा कानडी दरबारापर्यंत जावा, हे आज सीमेच्या दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलणाऱ्यांना कदाचित रुचणार नाही. तथापि वस्तुस्थिती तशी आहे.

हा देवीचा गोंधळ आणि वर्गातला किंवा सभेतला गोंधळ, हे दोन्ही आपण एकाच शब्दाने बोलतो आणि एकातून दुसऱ्यात जाताना अडखळत नाही. उलट, एखाद्या कचेरीतील कारभार पार विसकटलेला असला तर 'तिथे सगळा आनंदीआनंद आहे' असे आपण म्हणतो. कन्नड माणसाला हे वाक्य शब्दशः समजावून सांगण्याचा प्रसंग आमच्यावर एकदा आला होता. तो गृहस्थ ती कचेरी पाहावयास उत्सुक झाला.

अशी शब्दांची फसगत सीमाभागात पावलोपावली होते. कन्नड मनुष्य भेटीअंती 'तुंबा संतोष' म्हणतो तेव्हा त्याला फार आनंद झालेला असतो. मराठी ऐकणाऱ्याला वाटते, बरे झाले, याचे समाधान झाले. 'अवसर' शब्द मराठीत सवड किंवा योग्य वेळ सुचवतो. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई, म्हणून 'अवसर माडबेडि' याचा अर्थ गडबड करू नका, असा आहे. 'अनुमान' म्हणजे आपल्याकडे तर्काने काढलेला निष्कर्ष, तर कन्नडमध्ये शंका, संशय. 'प्रपंच' आपल्याकडे घरसंसार, त्यांच्याकडे अवघे जग. जेथे शब्द निराळे असतात तेथे मनुष्य सावध असतो, दुभाषा शोधतो. जेथे शब्द सारखेच दिसतात तेथे तो बेसावध राहतो आणि फसतो.

आणि कित्येकदा याच्या नेमके उलट घडते. शब्द परके वाटतात आणि असतात मात्र घरचे. कन्नडमध्ये सणाला 'हब्ब' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द अगदीच अनोळखी. पण जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, हे त्या भाषेच्या इतिहासातील प्रसिद्ध स्थित्यंतर आहे. पालु होते त्याचे हालु, म्हणजे दूध, झाले. पुलि होती तिची हुलि, म्हणजे वाघ, झाली. या न्यायाने हब्ब हा मुळातील 'पब्ब' आणि पब्ब म्हणजे संस्कृत 'पर्व'. आता गोमंतकीय वाचकाने आपल्या घरातला शब्द आठवावा. चवथीला, शिगम्याला आपण जिला 'परब' म्हणतो ती याच पर्वाची लेक. पेडण्याच्या म्हातारीची परब आणि बैलहोंगलच्या म्हातारीचा हब्ब ही सख्खी भावंडे आहेत, आणि दोघींनाही त्याची वार्ता नाही. मराठीतील 'सण' शब्द मात्र वेगळ्या घराण्यातला. तो 'क्षण' शब्दापासून आला. संस्कृतात क्षण म्हणजे निमिष, तसाच उत्सवही. वर्षाच्या रहाटगाडग्यात हाती लागलेला एवढासा क्षण, तोच सण. आमच्या जाणत्या पूर्वजांनी या शब्दात आनंदाचे आयुष्यही मोजून ठेवले, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

निपाणीच्या बाजूला हे शब्द नुसते बोलले जात नाहीत, ते अंगात येतात. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडी-कुर्ली येथे हालसिद्धनाथाची यात्रा भरते. ढोलांचा कल्लोळ, भंडाऱ्याची उधळण आणि मग पुढील काळाची भाकणूक. ती ऐकावयास महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींकडून माणसे येतात. 'चांगभलं'चा गजर होतो तेव्हा कोणाच्या घरी कोणती भाषा आहे याची विचारपूस होत नाही. नाथाच्या नावाच्या आरंभीचा 'हाल' हा कन्नडमधला दुधाचा शब्द मानला जातो, उरलेला सिद्धनाथ दोघांचाही. सौंदत्तीच्या डोंगरावर 'उदो'चा गजर होतो, तो आपल्या तुळजापूर-कोल्हापूरच्या भक्ताला परका वाटत नाही, कारण तोही तोच गजर करीत असतो. आनंदाची ही आरोळी अनुवादावाचून सीमा ओलांडते.

निपाणी हे तंबाखूच्या वखारींचे गाव. तेथील कष्टकऱ्यांचे, वखारीत खपणाऱ्या बायांचे जगणे महादेव मोरे यांनी मराठी कथा-कादंबरीत आणले. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी जन्मभर लेखन केले आणि २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या पात्रांच्या तोंडची मराठी ही पुण्याच्या पुस्तकातली मराठी नव्हे. कन्नडच्या शेजाराने तिला एक वेगळा ठसका आला आहे. बेळगावच्या मराठीविषयी तर बोलावयासच नको. पु. ल. देशपांडे यांनी 'रावसाहेब' रंगवले आणि ती कानडी वळणाची, शिव्याही लडिवाळपणे देणारी मराठी साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. ते स्वतः बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापक होते. याच मातीत जी. ए. कुलकर्णी वाढले. चिकोडी तालुक्यातील एकसंबे हे त्यांचे जन्मगाव, शिक्षण बेळगावात आणि नोकरी धारवाडात, इंग्रजीच्या अध्यापनाची. लिहिले मात्र मराठीत. त्याच धारवाडात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे राहत होते. घरची भाषा मराठी, पण १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले ते कन्नड काव्यासाठी. शब्दाला उलटून पालटून त्याचे सारे अर्थ वाजवून पाहण्याचा त्यांना छंद होता. अशा मनुष्याच्या मनात 'संभ्रम' शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे असणार, असे समजावयास हरकत नाही. दोन भाषांत राहणाऱ्या माणसाची ही खरी श्रीमंती आहे.

येथवर सारे गोड आहे. परंतु संपादकीय स्तंभात बसून केवळ शब्दांचे कौतुक करणे आम्हांस शोभणार नाही, कारण बेळगावात वर्षातला एक दिवस असा येतो की त्या दिवशी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात. तो दिवस म्हणजे १ नोव्हेंबर. १९५६ साली या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली याच तारखेस त्या राज्याचे कर्नाटक असे नामकरण झाले आणि २०१४ साली याच तारखेस बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. कन्नड भाषकांसाठी हा राज्योत्सव. लाल-पिवळे ध्वज, चित्ररथ, वाद्ये, आणि दुसऱ्या दिवशी कन्नड पत्रांत 'संभ्रम' हा शब्द. मराठी भाषकांसाठी हाच काळा दिन. त्यांची मूक सायकल फेरी, काळे झेंडे, दंडावर काळ्या फिती. एकाच शहराच्या रस्त्यांवर एकाच तारखेला एका शब्दाच्या दोन अर्थांनी मिरवणुका काढाव्यात, असा प्रकार आमच्या तरी पाहण्यात अन्यत्र नाही.

या वादाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. त्याची उजळणी करण्याचे हे स्थळ नव्हे. जानेवारी १९५६ मधील बळी, महाजन आयोगाची १९६६ मधील नेमणूक आणि १९६७ चा अहवाल, त्याने निपाणी-खानापूर महाराष्ट्राकडे आणि बेळगाव शहर कर्नाटकाकडे अशी केलेली वाटणी आणि महाराष्ट्राने ती अमान्य करणे, १९८६ सालचे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि हिंडलग्यातील हुतात्मा स्मारक, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने दाखल केलेला दावा, या साऱ्या खुणा सीमाभागातील मराठी घरांत देव्हाऱ्यातल्या टाकांसारख्या जपलेल्या आहेत. ज्याने ते दुःख भोगले नाही त्याने त्याला वेडगळपणा म्हणू नये. गोमंतकाने तरी मुळीच म्हणू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी आपला प्रश्न आपल्याला विचारून सोडवला गेला. कौल कोणाला रुचला, कोणाला रुचला नाही, पण मत विचारले गेले. बेळगावकरांना ते कोणी विचारले नाही.

आज तेथील सामान्य मराठी माणसाची अडचण राजकारणाच्या मैदानातील घोषणांहून साधी आणि म्हणूनच अधिक जाचक आहे. सात-बाऱ्याचा उतारा, पाणीपट्टीची नोटीस, रुग्णालयातील सूचनाफलक, बसची पाटी त्याला वाचता यावी, एवढीच ती आहे. २०२४ साली कर्नाटकाने व्यापारी पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचे बंधन कायद्याने घातले. आपल्या राज्याच्या भाषेचा मान राखावा, याला आमचा विरोध नाही. महाराष्ट्रानेही मराठी पाट्यांचा आग्रह धरला आहे आणि तो आम्ही योग्यच मानला. पण खानापूरच्या खेड्यातील वृद्धेच्या हाती जेव्हा न वाचता येणारा कागद पडतो आणि ती तो घेऊन शेजारच्या शाळकरी नातवाकडे जाते, तेव्हा तिचे मन जे गरगरते तो संभ्रम मराठी अर्थाचा आहे. त्याला कन्नड अर्थ देणे कोणत्याही सरकारला साधणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावा ही मागणी राज्य फोडण्याची मागणी नव्हे, हे बंगळूरला उमगले तर बेळगावची निम्मी धग कमी होईल. त्याचप्रमाणे मुंबईच्या पुढाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निवडणुकीच्या तोंडावर सीमेवर येऊन भाषण ठोकून ते रात्रीच्या गाडीने परत जातात. सकाळी त्याच गल्लीत कन्नड शेजाऱ्याकडून दूध घ्यावयाचे असते ते तेथील माणसाला.

आपल्याही पूर्वजांच्या हातून एक आगळीक झालेली आहे. जुन्या मराठीत 'कानडा' शब्दाला केवळ कर्नाटकाचा असा अर्थ नव्हता. जे कळत नाही, गूढ आहे, अगम्य आहे ते कानडे. विठ्ठलाला कानडा म्हणताना संतांनी दोन्ही अर्थ प्रेमाने एकत्र गुंफले आणि त्या शब्दाचे सोने केले, हे खरे. परंतु एरव्ही शेजाऱ्याच्या भाषेचे नावच आपण न कळण्याला देऊन टाकले होते. वस्तुतः गोव्याच्या कदंबांनी हळशी आणि गोवा या दोन्ही ठिकाणांहून राज्य केले. ती हळशी आज खानापूर तालुक्यात आहे. त्यांच्या शिलालेखांत संस्कृताबरोबर कन्नडही आहे. आमच्या मांडवीचे, म्हणजे म्हादईचे, पाणी याच खानापूर तालुक्यातून उगम पावून खाली येते. चोर्ला घाट उतरून येणारी बेळगावची भाजी आमच्या बाजारात दररोज मांडली जाते आणि घाटात दरड कोसळली की म्हापशाच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव चढतो. इतक्या जवळच्या माणसाचे बोलणे कानडे वाटावे, यात दोष केवळ त्याच्या भाषेचा नसतो.

काही महिन्यांपूर्वी निपाणीच्या एका स्नेह्यांच्या घरी लग्नाचे निमंत्रण छापावयाचे होते. वधूपक्ष मराठी, वरपक्ष गोकाककडील, घरात कन्नड बोलणारा. पत्रिका अर्थातच दोन भाषांत. कन्नड पानावर वरपक्षाने 'विवाह संभ्रम' असा मथळा घालून पाठविला आणि छापखान्यातील जुळाऱ्याने, दोन्ही पाने एकसारखी दिसावीत या सद्हेतूने, मराठी पानावरही 'विवाह संभ्रम' हीच अक्षरे बसविली. पत्रिकांचे गठ्ठे घरी आले आणि वधूचे काका संतापले. शुभकार्याच्या पत्रिकेवर असला अभद्र शब्द, लोक काय म्हणतील, साऱ्या पत्रिका परत छापा, असा त्यांचा हुकूम. वधूचे वडील खर्चाचा हिशेब करू लागले. वधू हसू दाबीत उभी होती. वराकडून आलेले मामा मराठी बरे समजत होते, तरी चूक कोठे झाली हे काही त्यांच्या ध्यानात येईना. त्यांच्या मते पत्रिका अतिशय सुंदर छापली गेली होती.

मधल्या खोलीत मुलीची आजी हळकुंडे निवडीत बसली होती. चार पोरे तिच्या भोवती दंगा करीत होती. अंगणात मांडववाल्याचे बांबू पडत होते, चूल पेटत नव्हती म्हणून कोणी ओरडत होते, आणि हळद दळावयाचे जाते कोणी कोठे ठेवले याचा शोध सकाळपासून चालू होता. तिला पत्रिका वाचून दाखविण्यात आली. तिने चष्मा वर सारला, घरभर एकदा पाहिले आणि म्हणाली, "मग त्यात खोटं काय लिवलंय रे? हेच की चाललंय सकाळधरनं. असू द्या तसंच."

पत्रिका तशाच वाटल्या गेल्या. आमच्याकडे आलेली एक प्रत अजून मेजाच्या खणात आहे.